घरातला सुऱ्या-चाकूंचा संग्रह कमी करताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गिरगावातली आमची चाळ पुनर्विकासाला गेली तेव्हा घरात ७३ नग होते. घडीचे चाकू, स्वयंपाकाच्या सुऱ्या, दोन खुकऱ्या, अडकित्ते, आजीची विळी असं सगळं धरून. भाड्याच्या दोन खोल्यांत जायचं ठरलं आणि मी संग्रह कमी करायला घेतला. त्याला दीड वर्ष लागलं. आज १९ आहेत. २८ वर्षं कारखान्याच्या टूलरूममध्ये, म्हणजे अवजारं आणि साचे बनवायच्या विभागात, काढल्यामुळे पोलादाची जाण होती, पण वस्तू हातातून सोडायची कशी हे या कामातच शिकलो. तेव्हापासून ओळखीचे आणि ओळखीच्यांच्या ओळखीचे फोन करून विचारतात. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली.

नेमके किती ठेवायचे? आकडा कसा ठरवायचा?

मी तो पावसाळ्यावरून ठरवला. मुंबईत जून ते सप्टेंबर हवा सतत ओली, त्यात आमच्याकडे चौपाटीचा खारा वारा. कार्बन स्टीलच्या, म्हणजे साध्या, गंज धरणाऱ्या पोलादाच्या पात्याला पावसाच्या आधी एकदा, मध्ये दोनदा आणि दसऱ्याच्या सुमाराला एकदा तेलाचा हात लागलाच पाहिजे. मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी सकाळी नऊला बसलो. पातं पुसायचं, सांध्यातला कचरा काडीने काढायचा, तेल लावायचं, मूठ कुठे हलते का ते बघायचं. एकेका नगाला दहा-बारा मिनिटं गेली. एक वाजेपर्यंत १९ झाले, नंतर डोळे थकले आणि काम भराभर उरकायला लागलो. तिथेच थांबलो. एका बैठकीत मन लावून जेवढ्यांची निगा राखता येते तेवढेच माझे, असं त्या दिवशी ठरवलं.

७३ असताना मी काय करत होतो, ते एका खंडेनवमीला दिसलं होतं. आमच्याकडे त्या दिवशी घरातली सगळी हत्यारं पूजेला मांडायची रीत आहे. सतरंजी अंथरली, झेंडूची फुलं आणली, डबे खाली काढले. एक चाकू चामड्याच्या म्यानातून निघेचना. दोन्ही हातांनी ओढला तेव्हा बाहेर आला, आणि पात्यावर म्यानाच्या शिवणीचे टाके जसेच्या तसे गंजाने उमटले होते, ओळीने, एकेक टाका मोजता येईल असे. तो चाकू मी चार वर्षं उघडला नव्हता. त्याला हळदकुंकू वाहताना मला फार वाईट वाटलं.

तुमचा आकडा १९ नसेल. कुणाचा ६ असेल, कुणाचा ४०. एक रविवार काढा आणि करून बघा.

ठेवायचं काय आणि द्यायचं काय, हे कसं निवडायचं?

आधी सगळे एका जागी मांडा. डब्यातले, माळ्यावरचे, गाडीच्या कप्प्यातले, गावच्या घरी ठेवलेले, सगळे. एका वहीत प्रत्येकाची नोंद करा : कुठून आला, कुणी दिला, पातं कशाचं, शेवटचं कधी वापरलं. ही वही लिहितानाच निम्मी निवड होते. "कुठून आला" यापुढे ज्याच्याबद्दल एक शब्दही सुचत नाही, तो तुम्ही कधीतरी स्वस्तात मिळाला म्हणून घेतलेला असतो.

मग एकाच जातीचे एकत्र करा. माझ्याकडे ओपिनेलचे लाकडी मुठीचे नऊ चाकू निघाले. फ्रान्सच्या सावोय भागात जोसेफ ओपिनेल यांनी १८९० मध्ये तो बनवला. पातं उघडल्यावर फिरवून घट्ट करायची जी कडी असते ती १९५५ पासून आली. अतिशय साधा आणि सुंदर चाकू आहे, पण नऊ कशाला? साडेआठ सेंटिमीटर पात्याचा आठ नंबर ठेवला, कारण आंबा आणि पेरू त्यानेच कापतो. बाकीचे आठ गेले. पावसाळ्यात त्याचं लाकूड फुगतं आणि पातं आत अडकून बसतं. मुठीचं मागचं टोक टेबलाच्या कडेवर हलकेच आपटलं की पातं थोडं बाहेर येतं, हे ज्यांना दिले त्यांना सांगायला विसरलो नाही.

महाग आहे म्हणून ठेवू नका आणि स्वस्त आहे म्हणून काढू नका. माझ्या १९ मधली सगळ्यात जास्त वापरली जाणारी सुरी क्रॉफर्ड मार्केटमधून घेतलेली साधी, प्लास्टिकच्या मुठीची आहे.

गंजलेले चाकू साफ करून मगच द्यावेत का?

लाल गंज काढा, काळपट डाग राहू द्या. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि लोक नेमकी इथेच घाई करतात. लाल, भुगा होणारा गंज पातं खात जातो. कार्बन स्टीलवर कांदा, कैरी, लिंबू कापून कापून जो काळसर-निळसर थर चढतो तो पात्याचं थोडंफार रक्षणच करतो. जुन्या चाकूची ओळखही तीच. सगळं घासून आरशासारखं केलं तर जाणकार घेणारा हात मागे घेतो.

लाल गंजाला तेल लावून रात्रभर ठेवा, सकाळी अगदी बारीक स्टील वूलने पात्याच्या लांबीच्या दिशेने हळू घासा. पितळी पट्टीवर हिरवं जमलं असेल तर ते बहुधा म्यानाच्या चामड्यामुळे. लाकडी काडीने खरवडून काढा.

स्टेनलेस आहे म्हणून गंजणार नाही असं धरून चालू नका. स्टेनलेस म्हणवून घ्यायला पोलादात किमान १०.५ टक्के क्रोमियम लागतं. डी-२ या टूल स्टीलमध्ये साधारण १२ टक्के असतं, पण त्यातलं बरंचसं कार्बनशी बांधलं जातं, गंज अडवायला मोकळं राहत नाही. त्यामुळे डी-२ मुंबईत ठिपके धरतं. ४४०-सी या स्टेनलेसमध्ये १६ ते १८ टक्के असतं, ते बरंच तगतं. बेअरिंगचं ५२१०० पोलाद धार सुंदर धरतं, पण क्रोमियम जेमतेम दीड टक्का, म्हणून पावसाळ्यात त्याच्याकडे रोज बघावं लागतं. तुमच्याकडे वेळ कमी असेल तर निवड करताना हा विचार जरूर करा.

आणि एक कळकळीची विनंती. द्यायच्या आधी धार लावून घ्यायची म्हणून कुरुंदाच्या चाकावर चाकू नेऊन देऊ नका. माझी एक जपानी सुरी मी कामाच्या गडबडीत एका दुकानात धारेला दिली. परत आली तेव्हा टोकाजवळ दोन इंच निळी झाली होती. निळा रंग म्हणजे पातं तिथे सुमारे ३०० अंशांपर्यंत तापलं. त्या सुरीचं पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरलं. धार लावली की दोन टोमॅटो कापेपर्यंत टिकायची, मग पुन्हा बोथट. दुकानदार म्हणाला, "चमकतेय ना साहेब?" चमकत होती. धार लावायचीच असेल तर ओल्या निसण्यावर, म्हणजे धारेच्या दगडावर, हाताने.

प्लास्टिकसारख्या मुठीचा एक जुना चाकू आहे. त्याच्या शेजारचे सगळे गंजतात. असं का?

मूठ सेल्युलॉइडची असणार. जुन्या चाकूंवर मोत्यासारख्या किंवा कासवाच्या पाठीसारख्या दिसणाऱ्या मुठी असत, त्या बहुधा याच. सेल्युलॉइड म्हातारं झालं की विरतं आणि त्यातून आम्लधर्मी वाफ सुटते. बंद डब्यात ती सगळ्या पात्यांवर बसते. कापराचा किंवा आंबूस वास, मुठीला बारीक चिरा, जवळचं पितळ हिरवं ही खूण. त्याला आजच वेगळा, उघड्यावर ठेवा, आणि आगीपासून दूर, कारण हा पदार्थ भडकन पेटतो. कुणाला देणार असाल तर हे सांगून द्या.

कायद्याची काही अडचण येते का?

स्वयंपाकाच्या, शेतीच्या, कारागिरीच्या अवजारांना येत नाही. शस्त्र अधिनियम, १९५९ आणि शस्त्र नियम, २०१६ यांत धारदार शस्त्रांचा एक वर्ग आहे. त्यात तलवार, गुप्ती, कट्यार, संगीन, भाला येतात, आणि ज्यांचं पातं ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद आहे असे चाकू आणि खुकऱ्याही येतात. घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेली हत्यारं यातून वगळली आहेत. म्हणजे दहा इंची शेफची सुरी चालते, पण दहा इंची खंजीर ही वेगळी गोष्ट आहे.

शिवाय महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ खाली पोलीस आयुक्त शस्त्र घेऊन फिरायला बंदी घालणारे आदेश काढतात. मुंबईत असे आदेश वारंवार निघतात. म्हणून खिशात किंवा कमरेला लावून चाकू नेणं, "बघायला आणलाय" म्हणून नाक्यावर उघडून दाखवणं, रस्त्यावर सौदा करणं हे अजिबात करू नका.

माझ्या दोन खुकऱ्यांपैकी एकीचं पातं ११ इंच भरलं. ती मी कुणालाही विकली नाही, भेटही दिली नाही. आधी वकिलाला विचारलं, मग त्याच्याबरोबर पोलीस ठाण्यात जाऊन रीतसर लेखी देऊन जमा केली आणि पोच घेतली. पट्टीने मोजल्यावर संशय वाटला की विचारा. तलवारी आणि गुप्त्यांबद्दल मला फोन करू नका. त्यांचा रस्ता तोच आहे.

मूठ सांबरशिंगाची किंवा हस्तिदंताची असेल तर?

विकायची नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली या वस्तूंच्या व्यापाराला बंदी आहे, आजोबांच्या काळातली असली तरी. ठेवायचं किंवा कुणाच्या नावावर करायचं असेल तरी वन विभागाकडे विचारणा करून मगच. आणि चाकू १०० वर्षांहून जुना असेल तर तो पुरावस्तू ठरू शकतो. पुरावस्तू आणि कलानिधी अधिनियम, १९७२ प्रमाणे तो खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. परदेशातल्या भाच्याने कितीही मागितला तरी नाही.

अडकित्ते या यादीत धरायचे का?

धरा, पण शेवटी. मराठी घरातल्या संग्रहाची सुरुवात बहुतेक वेळा अडकित्त्यापासून होते. पितळी मोर, घोडा, नक्षीची मूठ, आत लोखंडी पातं. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात अडकित्त्यांचा फार देखणा संच आहे. एकदा जाऊन बघून या, मग घरातल्याकडे नव्या नजरेने बघाल. माझ्याकडे सात होते. चार दिले, तीन ठेवले. आजोबांच्या अडकित्त्याची खीळ ढिली आहे, पातं पाव इंच झिजलंय, सुपारी नीट फुटत नाही. तो माझ्या १९ मध्ये आहे.

विकायचे असतील तर कुठे? किंमत किती मागावी?

चोरबाजारात मटण स्ट्रीटवर जुन्या वस्तूंचे दुकानदार आहेत. ते सरसकट ढीग घेतात आणि ढिगाच्याच भावाने पैसे देतात. त्यांचं चूक नाही; प्रत्येक नग वेगळा समजून घ्यायला त्यांना परवडत नाही. ज्या चाकूंबद्दल तुमच्या वहीत काही लिहिलेलं नाही ते तिथे द्यायला हरकत नाही.

बाकीचे जाणकाराला थेट विका. मूळ खोका, कागद, पुन्हा न घासलेली मूळ धार असेल तर भाव बरा येतो. स्विस आर्मी चाकूंना मागणी कायम असते. घराण्याची सुरुवात १८८४ ची, पण व्हिक्टोरिनॉक्स हे नाव नंतर जोडलेलं, संस्थापकाच्या आईचं व्हिक्टोरिया आणि स्टेनलेसचं फ्रेंच नाव इनॉक्स मिळून. बनावट फार फिरतात, म्हणून घेणाऱ्यासमोर सगळी पाती उघडून, पात्याच्या बुडाशी असलेला ठसा दाखवून व्यवहार करा. दोष असेल तो आधी सांगा.

किंमत ठरवताना तुम्ही किती दिले होते ते विसरा. आज हाच चाकू या अवस्थेत समोर आला तर तुम्ही किती द्याल, तेवढे मागा. खुकरीबरोबर म्यानात दोन छोटी पाती असतात, एक कापायला कर्द आणि एक धार सरळ करायला चकमक. ती वेगळी करून विकू नका, संच मोडतो.

अठरा वर्षांखालच्या मुलाला विकत नाही आणि कोण, कशासाठी घेतो हे विचारल्याशिवाय देत नाही, हे दोन नियम मी स्वतःला घालून घेतलेत.

विकण्यापेक्षा द्यावेसे वाटतात. कुणाला द्यावेत?

ज्याच्या हातात तो रोज पडेल त्याला. आमच्या शेजारची मुलगी हॉटेल मॅनेजमेंट शिकते. पहिल्या वर्षाला स्वतःच्या सुऱ्यांचा संच लागतो आणि चांगल्या सुऱ्या महाग पडतात. तिला मोठी सुरी, छोटी सुरी आणि हाडं सोडवायची सुरी अशा तीन दिल्या. सहा महिन्यांनी ती घरी आली तेव्हा मोठ्या सुरीच्या मुठीवर तिच्या अंगठ्याची जागा थोडी गुळगुळीत झालेली दिसली. माझ्याकडे नऊ वर्षांत ती झाली नव्हती.

मासळीच्या बारीक, लवचिक पात्याची एक सुरी आमच्या ओळखीच्या कोळीणमावशींना देऊ केली. त्यांनी उलटसुलट करून बघितली, एक सुरमई घेतली, पण तुकडे केले ते स्वतःच्या कोयत्यानेच. सुरी परत हातात देत म्हणाल्या, "दादा, चांगली हाय, पन माज्या हाताची न्हाय." त्यांचं बरोबर होतं. तेव्हापासून आधी विचारतो, चार दिवस वापरायला देतो, मग ठरवतो.

चाकू भेट दिला की नातं तुटतं म्हणतात. सासूबाई घेऊ देत नाहीत. काय करू?

त्यांचा मान राखा. माझी आईसुद्धा सुरी कधी हातात देत नसे. खाली ठेवायची, समोरच्याने उचलायची. त्यामागे शहाणपण आहे, देता-घेता बोट कापत नाही. भेटीच्या बाबतीत सोपा रिवाज आहे : घेणाऱ्याने एक रुपया द्यायचा, म्हणजे ती खरेदी झाली. माझ्याकडे अशी ३१ नाणी जमली आहेत, एका स्टीलच्या डबीत ठेवली आहेत, आणि वहीत प्रत्येकापुढे नाव लिहिलंय.

एका घरातून दुसऱ्या घरी, किंवा गावी न्यायचे तर बांधायचे कसे?

टोकाला बाटलीचं बूच खोचा. खोक्याचा जाड पुठ्ठा पात्याच्या मापाने दुमडून त्याचं म्यान करा, चिकटपट्टीने मुठीपर्यंत बांधा. मग कापड, मग झाकणाचा डबा, मग पिशवी. नुसता वर्तमानपत्राचा कागद नको; टोक त्यातून बाहेर येतं आणि कागद ओल धरतो. मेट्रोच्या दारात बॅग तपासतात, तेव्हा शक्यतो आपल्या किंवा भाड्याच्या गाडीने न्या. विमानात हातातल्या बॅगेत चालतच नाही.

मी एक सुरी कोल्हापूरला पाठवली. एका कुरिअरवाल्यांनी तपासायला खोका उघडला आणि परत भरताना पुठ्ठ्याचं म्यान बाहेरच ठेवलं. ज्यांना पाठवली त्या काकांनी खोक्यात हात घातला आणि तर्जनीला तीन टाके पडले. तेव्हापासून म्यानावरच मोठ्या अक्षरात लिहितो : "धारदार सुरी आहे. हे काढू नये." आणि जमेल तिथे स्वतः नेऊन देतो.

अगदीच निकामी झालेल्यांचं काय?

कचऱ्याच्या पिशवीत कधीही टाकू नका. ती पिशवी कुणीतरी हाताने उचलतं, हाताने चाळतं. आधी कानशीने किंवा खरखरीत दगडावर धार पूर्ण बोथट करा, टोक पक्कडीत धरून मोडा किंवा घासून गोल करा, मग भंगारवाल्याला दाखवून हातात द्या.

वडील गेले. त्यांचा मोठा संग्रह आहे, आम्हा कुणाला त्यातलं कळत नाही. कुठून सुरू करू?

वर्षभर काही देऊ नका, फक्त तेल लावत राहा. मेडिकलच्या दुकानात लिक्विड पॅराफीन मिळतं, ते चालतं. खोबरेल नको, ते काही महिन्यांनी चिकट आणि खवट होतं. प्रत्येकाचा फोटो काढा, दोऱ्याने क्रमांक बांधा. वडिलांच्या मित्रांना चहाला बोलवा आणि समोर मांडा. कुठला कुठून आला हे त्यांच्या तोंडून बाहेर पडेल, ते लिहून घ्या. एका घरी मी असा बसलो होतो. एक साधा, मोडक्या मुठीचा चाकू बाजूला काढला होता, भंगारात द्यायला. वडिलांचे गिरणीतले सोबती म्हणाले, "अरे, संपाच्या वर्षी याच चाकूने आम्ही दोघं भाजी चिरून डबे करायचो." मुलाने तो उचलून खिशात ठेवला, मग माझ्याकडे बघून पुन्हा ट्रेमध्ये ठेवला. कायदा मीच सांगितला होता.

उरलेले कसे ठेवता?

चामड्याच्या म्यानात नाही. चामडं ओल धरतं, त्यातली कमावण्याची द्रव्यं पात्याला लागतात. म्यान वेगळं, पातं वेगळं. पातं तेलाच्या सुती फडक्यात, घट्ट झाकणाच्या डब्यात, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. त्या दर महिन्याला बदलतो. भिंतीच्या कपाटात ठेवत नाही, आमच्या भाड्याच्या घराची पश्चिमेची भिंत पावसात ओली होते. रोजच्या वापरातल्या पाच सुऱ्या ओट्याजवळ लाकडी पट्टीवर, धुऊन लगेच पुसलेल्या.

दिलेल्या चाकूची आठवण येते, परत मागावा का?

मागू नका. बघायला जा.

ज्यांना दिलेत त्यांना धार लावून देता का?

हो, आनंदाने. महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी दहाच्या आत या. १००० नंबरचा (मध्यम बारीक) निसणा मी पाण्यात भिजवून ठेवलेला असतो. सुरी फडक्यात गुंडाळून, डब्यात घालून आणा. एकीला साधारण वीस मिनिटं लागतात, तेवढा वेळ बसा. शिकायचं असेल तर अर्धी मी लावेन, अर्धी तुम्ही.